परतीची तार : विद्युत् परिवर्तकांच्या मांडणीचा इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला पदार्थविज्ञान शिकवले. या सभागृहात त्यांचे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांचा एक प्रयोग अनेकांना आठवत असेल. मला तो १९६४ साली, एस.एस.सी.च्या वर्गात असताना, पाहायला मिळाला. टेबलावर मोटारसायकलची सहा व्होल्टची बॅटरी, ट्यूबलाइटचा एक चोक आणि विजेच्या टेस्टरमधला निऑनचा बारीक दिवा, एवढेच सामान. तो दिवा पेटायला सत्तर-ऐंशी व्होल्ट लागतात. सरांनी चोक बॅटरीला जोडला, निऑन चोकला जोडला. काहीच झाले नाही. मग त्यांनी बॅटरीची तार झटकन काढली आणि दिवा क्षणभर लखकन पेटून विझला. "वीज चालू होती तेव्हा दिवा गप्प, आणि वीज तोडली तेव्हा पेटला. का?" एवढे विचारून सर खुर्चीवर बसले. घंटा होईपर्यंत त्यांनी उत्तर दिले नाही.

उत्तर पुढच्या तासाला मिळाले. ते पाठही झाले आणि परीक्षेत त्याला गुणही पडले. त्याच उत्तराच्या पोटी पुढे माझी सारी नोकरी गेली, आणि त्याचाच विसर पडल्यामुळे माझ्या हातून एक अन्यायही घडला. आजचे व्याख्यान इतिहासावर आहे. परंतु त्या इतिहासाचा एक बारीकसा तुकडा आपल्याच गावात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत घडला असल्याने तो वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

विषयाचे नाव थोडे रुक्ष आहे. विजेचे रूप बदलणाऱ्या यंत्राला परिवर्तक म्हणतात. उलटसुलट वाहणाऱ्या विजेची एकदिश वीज करणे, एकदिश विजेची पुन्हा हव्या त्या वारंवारतेची उलटसुलट वीज करणे, ही त्याची कामे. सूतगिरणीतील मोटारीचा वेग, रेल्वे इंजिनाची ओढ, विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीची चाल, हे सारे आज त्याच्यावर अवलंबून आहे. या यंत्रातील धारित्रे, अर्धसंवाहक स्विचे, तांब्याच्या पट्ट्या आणि छापील सर्किट बोर्ड कोठे व कसे बसवायचे, त्याला आम्ही कारखान्यात 'लेआउट' म्हणत असू. मी आज त्याला मांडणी म्हणेन.

या मांडणीच्या इतिहासाचे पहिले पान एका शाळामास्तराने लिहिले आहे, ही गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष आनंद होतो. जोसेफ हेन्री हे अमेरिकेतील अल्बनी अकॅडमी या शाळेत १८२६ पासून गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाच्या शेवटी त्यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे. बॅटरीला जोडलेली आखूड तार सोडवली तर ठिणगी पडत नाही. तीच तीस-चाळीस फुटांची असली तर ठिणगी पडते. आणि त्याच तारेचे वेटोळे केले तर ठिणगी अधिक तेजस्वी होते. फॅराडे यांनीही १८३४ साली, विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थाला बसलेल्या धक्क्यावरून, स्वतंत्रपणे याच विषयाचा मागोवा घेतला. या गुणधर्माला आपण स्वप्रवर्तन म्हणतो. ते मोजण्याच्या एककाला १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हेन्री हे नाव मिळाले.

हेन्रींच्या निरीक्षणातील वेटोळ्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तांबे तेच, लांबी तीच, बॅटरी तीच. बदलला तो केवळ तारेचा आकार, आणि ठिणगी मोठी झाली. म्हणजे तार कशी फिरवली आहे, जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांच्यामध्ये किती मोकळी जागा कोंडली गेली आहे, हेही यंत्राचा भागच आहे. हा भाग विकत आणावा लागत नाही, सर्किटच्या आकृतीत तो काढलेला नसतो, आणि भांडाराच्या यादीतही त्याचे नाव सापडत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतील पोस्ट ऑफिस बॉक्स ज्यांनी हाताळली असेल त्यांना हेही आठवेल की, तिच्यातील रोधकांच्या तारा मधोमध दुमडून, जाणारी आणि येणारी तार शेजारी शेजारी ठेवून गुंडाळलेल्या असतात. दोन्ही प्रवाह विरुद्ध दिशांनी खेटून गेले की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे. बी.ई.च्या तोंडी परीक्षेत मी ती न अडखळता सांगितली होती, हे येथे कबूल करून ठेवतो.

परिवर्तकाची मांडणी दोन वेगवेगळ्या घराण्यांतून आली. एक घराणे तांब्याच्या जाड पट्ट्यांचे. १९०२ साली पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या चापाचा एकदिशकारक केला, तेव्हापासून मोठा प्रवाह वाहून नेण्याचे काम पट्ट्यांनीच केले. त्या पट्ट्या फिटर वाकवीत असे आणि त्यांची मांडणी म्हणजे जवळजवळ लोहारकाम होते.

दुसरे घराणे छापखान्याचे. पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू अभियंता १९३६ साली लंडनला गेला. रेडिओतील तारांचे जंजाळ हाताने जोडण्याऐवजी निरोधक पाटीवर चिकटवलेल्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर ते जाळे छापावे आणि उरलेले तांबे आम्लाने खाऊ घालावे, अशी त्याची कल्पना होती. एका कंपनीने त्याला नकार दिला. तारा जोडणाऱ्या मुली याहून स्वस्त पडतात असे कारण आपल्याला देण्यात आले, असे त्याने पुढे सांगितले आहे. अखेर त्याला आसरा मिळाला तो संगीताची स्वरलेखने छापणाऱ्या एका शिलामुद्रण कंपनीत, आणि १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. सर्किट बोर्ड हा असा थेट छापखान्यात जन्मलेला जिन्नस आहे.

बडोदेकरांना याचे फारसे नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले, त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्याला लाभला, आणि तेथे शिकलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे आणि शिलामुद्रण यांतच रमलेले होते. छायाचित्रावरून धातूवर नक्षी उतरवायची आणि नको तो भाग आम्लाने काढायचा, ही विद्या या गावाला परकी नव्हती. आमच्या कारखान्याने सत्तरीच्या दशकात पहिले बोर्ड तयार केले तेव्हा मूळ रेखाटन लहान करून त्याची निगेटिव्ह काढून देणारे गृहस्थ रावपुऱ्यातील ब्लॉक मेकरच होते. लग्नपत्रिकांचे ब्लॉक आणि आमची सर्किटे त्यांच्याकडे एकाच दोरीवर वाळत असत.

ते मूळ रेखाटन करणाऱ्या माणसाविषयी आता सांगितले पाहिजे. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणत असू. वस्तुतः ते ड्राफ्ट्समन होते. याच शाळेचे विद्यार्थी, माझ्यापुढे सहा वर्षे. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण. परंतु घरची परिस्थिती बेताची असल्याने कॉलेजऐवजी आय.टी.आय. पदरी पडली. त्यांच्या चिरंजीवांनी नाव न घेण्याच्या अटीवर मला हे सांगण्याची परवानगी दिली आहे.

आजच्या पिढीने संगणकावरच मांडणी केलेली असल्याने ते काम कसे चाले याची कल्पना येणे कठीण आहे. खालून उजेड येणारे काचेचे टेबल, त्यावर पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म, जिला आम्ही मायलर म्हणत असू. तिच्यावर बोर्डाच्या दुप्पट किंवा चौपट आकाराचे जाळे काळ्या चिकट टेपने उभारायचे. टेप एक मिलिमीटरपासून पुढे वेगवेगळ्या रुंदीची. भोकांसाठी काळ्या चकत्या. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी टेप. पट्टी फार ओढून लावली तर रात्रीतून आक्रसून चकतीवरून सुटे, म्हणून वळणावर ती सैल ठेवावी लागे. मास्तरांची टेप कधी सुटली नाही. मे महिन्यात पंख्याच्या वाऱ्याने चकत्या उडतात म्हणून ते पंखा बंद ठेवून गळ्याभोवती रुमाल गुंडाळून काम करीत. एका बोर्डाला दोन-तीन आठवडे लागत, आणि त्यावर सही आम्हां अभियंत्यांची होई.

पट्ट्या आणि बोर्ड ही दोन घराणी पुष्कळ वर्षे एकमेकांपासून अंतर राखून राहिली. बोर्डावर केवळ हुकूम देणारी बारीक सर्किटे असत, आणि मोठा प्रवाह खाली पट्ट्यांतून जाई. याला कारण त्या काळचा स्विच होता. १९५७ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर आणला. हा स्विच हुकूम मिळताच चालू होतो, परंतु हुकमाने बंद होत नाही. प्रवाह आपण होऊन शून्यावर यावा लागतो, अथवा बाहेरून धारित्राचा धक्का देऊन तो शून्यावर आणावा लागतो. त्याच कंपनीतील विल्यम मॅकमरी यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी या धक्क्याच्या सर्किटांना जे रूप दिले त्यावर आमची पिढी वाढली. त्यांत प्रवर्तक वेटोळी मुद्दाम घालावी लागत. थायरिस्टर चालू होताना त्यातून प्रवाह एकदम वाढला तर तो एका ठिकाणी जळे, म्हणून प्रवाहाला आवर घालणारे वेटोळे हे त्याचे कवच होते. पट्टी दोन फूट इकडून नेली काय अन् तिकडून नेली काय, तिच्या अंगचे प्रवर्तन त्या मुद्दाम घातलेल्या वेटोळ्याच्या मानाने नगण्यच, आणि झालेच तर उपकारक.

म्हणून आम्हांला शिकवला गेलेला मांडणीचा नियम एकच होता : धन पट्टी आणि ऋण पट्टी एकमेकींपासून लांब ठेवा. दाब मोठा तर अंतर मोठे. हा नियम चुकीचा नव्हता. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची जी एकदिश वाहिनी १९९९ साली सुरू झाली, ती अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची आहे. तिच्या दोन टोकांच्या परिवर्तक केंद्रांत थायरिस्टरच आहेत, आणि तेथे हवेचे अंतर मीटरांतच मोजावे लागते. त्या दाबाला, त्या धिम्या स्विचला तो नियम शोभतो. परंतु कोणत्या स्विचसाठी हा नियम झाला, हे नियमाबरोबर कोणी लिहून ठेवत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत हुकमाने बंद होणारे स्विच आले. प्रथम जीटीओ थायरिस्टर. नव्वदीच्या मध्यास आपल्या रेल्वेने परदेशातून आणलेली डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ इंजिने यांवरच चालत. जीटीओ बंद करताना त्याच्या शेजारच्या संरक्षक धारित्राच्या जोडणीत थोडेसेही प्रवर्तन असले तर दाबाचा एक टोकदार सुळका उठतो आणि स्विच मरतो. जोडणीची लांबी हा जिवाचा प्रश्न झाला, तो येथे.

मग आयजीबीटी. याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने दिले जाते ते बी. जयंत बालिगा हे मद्रासमध्ये जन्मलेले आणि तेथील आय.आय.टी.त १९६९ पर्यंत शिकलेले. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या आरंभी त्यांनी हा स्विच सिद्ध केला. २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. अकिओ नाकागावा यांनी जपानमध्ये त्यातील एक मोठी अडचण दूर केली. त्याच सुमारास स्विचचे बाह्यांगही पालटले. जर्मनीच्या सेमिक्रॉन कंपनीने १९७५ साली तळ निरोधित केलेले मॉड्यूल काढले होते. पूर्वी प्रत्येक स्विचचा उष्णता घालवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा स्वतःच विजेने भारलेला असे, म्हणून ते ठोकळे दूर दूर टांगावे लागत. आता सारे स्विच एकाच थंड पत्र्यावर ओळीने बसू लागले आणि सर्वांची टोके वरच्या बाजूला, एका पातळीत आली. पट्ट्या एकमेकींच्या जवळ आणणे यामुळे प्रथमच शक्य झाले. शक्य झाले, एवढेच म्हणतो. आवश्यक आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना किंमत मोजल्यावर कळले.

आता १९९२ सालाकडे येतो. आमचा कारखाना सूतगिरण्यांच्या मोटारींसाठी परिवर्तक करीत असे. जुना थायरिस्टरचा नमुना काढून त्या जागी आयजीबीटी घालण्याचे काम माझ्याकडे आले. मी नुकताच विभागप्रमुख झालो होतो. सर्किटची आकृती जवळजवळ तीच, उलट अधिक सोपी. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून होणारा सुमारे ५९० व्होल्टचा एकदिश दाब, आणि १२०० व्होल्ट सोसणारी परदेशी मॉड्यूले. दुपटीहून अधिक सोय आहे, असे मी वरिष्ठांना सांगितले.

मास्तरांनी पहिले रेखाटन आणले त्यात धन आणि ऋण या दोन्ही रुंद पट्ट्या त्यांनी एकीवर एक ठेवल्या होत्या. मी विचारले, "हे काय?" ते म्हणाले, "साहेब, जागा वाचते. आणि दिसायलाही सुबक दिसतं." मी त्यांना ५९० व्होल्ट म्हणजे काय याविषयी चार शब्द ऐकवले आणि धन पट्टी डाव्या कडेने, ऋण पट्टी उजव्या कडेने न्यायला सांगितले. त्यांनी मान डोलावली. आठवड्याने माझ्या सांगण्याप्रमाणे नवे रेखाटन आले आणि मी त्यावर सही केली.

कारखान्यातील साऱ्या चाचण्या उत्तम झाल्या. सौराष्ट्रातील एका गिरणीत तीन परिवर्तक बसवले. दोन महिन्यांत तिन्ही फुटले. फुटले हा शब्द मी अलंकाराने वापरत नाही. मॉड्यूलचे झाकण उडून कपाटाच्या दारावर आदळले होते. सुदैवाने जवळ कोणी नव्हते.

काय झाले होते ते आज सोप्या अंकगणिताने सांगता येते. सुमारे एक हात लांबीच्या आणि एकमेकींपासून लांब धावणाऱ्या त्या दोन पट्ट्या, धारित्र आणि मॉड्यूल मिळून जी चौकट झाली तिची प्रवर्तकता ३०० नॅनोहेन्रीच्या आसपास होती. नॅनोहेन्री म्हणजे हेन्रीचा अब्जांश. सरांच्या चोकच्या मानाने काहीच नाही. पण चोकची तार सर हाताने काढत होते. आयजीबीटी एका मायक्रोसेकंदात हजार अँपिअर तोडतो. अशा वेळी त्या ३०० नॅनोहेन्रीमुळे ३०० व्होल्ट वाढतात. ५९० मध्ये ३०० मिळवले तर ८९०. मॉड्यूल १२०० व्होल्टचे, म्हणजे चाचणी उत्तीर्ण. गिरणीत मात्र कधी यंत्र अडकते, प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि संरक्षण-यंत्रणा तो तातडीने तोडते. तेव्हा तुटण्याचा वेग दर मायक्रोसेकंदाला अडीच हजार अँपिअर होतो. वाढ ७५० व्होल्ट, बेरीज १३४०. यंत्राला वाचवण्यासाठी दिलेला हुकूमच यंत्राला मारत होता. सरांचा निऑन पुन्हा एकदा पेटला होता, फक्त या वेळी त्या दिव्याची किंमत हजारो रुपये होती.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते इतकेच, की गिरणीचे मालक संतापले आहेत आणि अहवाल आठवड्यात हवा आहे. सर्किट निर्दोष होते, मॉड्यूले नामांकित कंपनीची होती. उरली मांडणी. अहवालातील 'बिघाडाचे कारण' या रकान्यात मी दोन शब्द लिहिले : 'लेआउटमधील दोष'. खोटे ते नव्हते. दोष मांडणीतच होता. परंतु ती मांडणी कोणाच्या सांगण्यावरून झाली हे लिहिण्यासाठी त्या रकान्यात जागा होती, आणि मी ती कोरी ठेवली. पंधरा दिवसांत मास्तरांची बदली भांडार विभागात झाली.

त्यांच्या जागी आलेल्या तरुणाने माझ्याच सूचनेप्रमाणे पट्ट्या आणखी दूर नेल्या, आणि चौथा परिवर्तक आमच्या डोळ्यांदेखत कारखान्यातच गेला. मग कुठे मी दाबाचा आलेख ऑसिलोस्कोपवर धरला. तो सुळका पडद्यावर पाहिला तेव्हा मला अल्बनी आठवले नाही, पोस्ट ऑफिस बॉक्सही आठवली नाही. आठवला तो सरांचा प्रश्न : वीज तोडली तेव्हा पेटला. का?

दोन रुंद पट्ट्या समोरासमोर, मधे केवळ मिलिमीटरभर अंतर ठेवून बसवल्या, तर त्यांची प्रवर्तकता त्याच लांबीच्या दूरस्थ पट्ट्यांच्या शंभराव्या भागाइतकी होऊ शकते. धारित्राची व मॉड्यूलची स्वतःची थोडीफार उरतेच. आमची चौकट सुमारे ४० नॅनोहेन्रीवर आली, आणि त्याच अडीच हजारांच्या वेगाला वाढ झाली केवळ १०० व्होल्ट. राहिला निरोधनाचा प्रश्न, ज्याचे मला एवढे भय होते. पाव मिलिमीटर जाडीची पॉलिएस्टर फिल्म कित्येक हजार व्होल्ट सहज सोसते. ती बाजारातून येईपर्यंत पहिल्या प्रयोगाला फिल्म कोठून आणावी असा प्रश्न पडला, तेव्हा मी मास्तरांचे जुने कपाट उघडले. कोऱ्या मायलरच्या गुंडाळीत त्यांचे पहिले रेखाटन होते. पट्ट्या एकीवर एक. कोपऱ्यात तारीख घातलेली, आणि माझी सही नसलेली.

मास्तरांना स्वप्रवर्तनाचे गणित येत होते, असा दावा मी करणार नाही. तसे म्हणणे त्यांना आवडलेही नसते. त्यांनी त्या पट्ट्या जागा वाचावी आणि नीटनेटके दिसावे म्हणून तशा ठेवल्या होत्या. ज्याला गणित येत होते त्याने त्या दूर केल्या, एवढेच.

नवे परिवर्तक गिरणीत नीट चालले. ही बातमी फिटरांकडून भांडारात पोचली असावी. एके दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी विचारले, "साहेब, मधे फिल्म माझीच घातलीत का?" मी हो म्हणालो. "मग मॅट बाजू वर ठेवा. गुळगुळीत बाजू घसरते," असे सांगून ते गेले. अहवाल बदलण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही, पुढेही झाले नाही. १९९८ साली ते भांडारातूनच निवृत्त झाले.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल, कारण तो आपल्याला बाजारात दिसतो. एकमेकींवर दाबून चिकटवलेल्या आणि मधे निरोधक थर असलेल्या पट्ट्या नव्वदीच्या दशकात जगभर रूढ झाल्या. मॉड्यूलमध्ये हुकमाच्या प्रवाहासाठी परतीचे वेगळे टोक आले. मोठा प्रवाह आणि हुकूम यांची परतीची वाट एकच असेल तर मोठ्या प्रवाहाच्या धक्क्याने हुकूमच डळमळतो, हे ध्यानी आल्यावर केलेली ती सोय होती. २०११ साली सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट बाजारात आले आणि २०१७ साली टेस्लाच्या मॉडेल-३ मोटारीत बसले. हे स्विच एका नॅनोसेकंदात दहा अँपिअर तोडू शकतात. त्यांच्या बाबतीत २० नॅनोहेन्रीसुद्धा २०० व्होल्ट उठवते, आणि सरळ तारेचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण दहा नॅनोहेन्री. म्हणजे करंगळीएवढी तार आता आमच्या दोन फुटी पट्ट्यांची बरोबरी करू लागली. इतक्या बारकाईने पट्टी वाकवणे कोणाही फिटरला शक्य नाही. म्हणून पट्टी शेवटी छापखान्यात आली. जाड तांब्याचे अनेक थर एकावर एक, जाणारा प्रवाह एका थरात आणि परतणारा त्याच्या लगेच खालच्या थरात, मधे काच-इपॉक्सीचा केसाएवढा पापुद्रा, आणि लहान धारित्रे स्विचला चिकटून. आइस्लरचे घराणे आणि लोहाराचे घराणे एका बोर्डावर आले. तो बोर्ड काढणाऱ्याला आता ड्राफ्ट्समन म्हणत नाहीत. त्याला डिझाइन इंजिनिअर म्हणतात, सर्किटच्या अभियंत्याच्या शेजारी बसवतात, आणि रेखाटनावर त्याची सही असते.

आमचा कारखाना काही वर्षांपूर्वी बंद झाला. जुने अहवाल रद्दीत गेले असावेत. दुरुस्ती करण्यासाठी आता ती वहीही उरलेली नाही. मास्तरही आता आपल्यात नाहीत. ही पुस्तिका मात्र शाळेच्या ग्रंथालयात राहील असे चिटणिसांनी मला सांगितले आहे. म्हणून तो रकाना मी येथे भरतो. १९९२ सालच्या बिघाडाचे कारण : धन व ऋण पट्ट्या दूर ठेवण्याची विभागप्रमुखांची सूचना. मूळ रेखाटन निर्दोष होते.